सप्ताहात मी काय बोलू?

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी सत्तावीस वर्षांची, कोल्हापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. घर वारकरी. वडील, म्हणजे तिचे अण्णा, नोकरीतून निवृत्त झालेले, आषाढीला दिंडीबरोबर कोल्हापूरजवळच्या नंदवाळला चालत जाणारे, ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचल्याशिवाय न झोपणारे. दोन-तीन वर्षांपासून त्यांच्या मोबाईलवर ‘क्वांटम फिजिक्सने अद्वैत सिद्ध केलं’, ‘पृथ्वी फिरते हे माउलींना आधीच ठाऊक होतं’ असे संदेश येतात आणि ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचे. दिवाळीत एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, “अण्णा, या सगळ्या थापा आहेत.” तेव्हापासून अण्णा तिच्यासमोर काहीच वाचत नाहीत. आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गल्लीत पारायणाचा सप्ताह आहे आणि अण्णांनी तिला न विचारता तिचं व्याख्यान ठरवलंय : ‘ज्ञानेश्वरीतील आधुनिक विज्ञान’. फलकावर नावही लागलं. नाही म्हटलं तर अण्णांची मान खाली, हो म्हटलं तर वर्गात उभं राहायला तोंड नाही. त्यातच भजनातल्या कुणीतरी अण्णांना सांगितलंय की नामाच्या ‘फ्रिक्वेन्सी’ने साखर उतरते, गोळ्या हळूहळू कमी करा. पत्राच्या शेवटी ती विचारते : “कॉलेजला जाताना गाडीवर मी स्वतः हरिपाठ गुणगुणते. मग मी दुटप्पी आहे का?”

अगं, ‘मला अहो-जाहो करू नका’ असं तूच लिहिलंयस, म्हणून हक्काने एकेरीत लिहिते.

आधी गोळ्यांचं, कारण बाकी सगळं आठवडाभर थांबू शकेल, हे थांबणार नाही. इथे तडजोड करू नकोस, आणि वादही घालू नकोस. अण्णांना डॉक्टरांकडे घेऊन जा, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी करून घे, आणि गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरांच्या तोंडून अण्णांना ऐकू दे. नामस्मरणाने त्यांना शांत झोप लागत असेल तर उत्तमच, रोज करावं. पण गोळीच्या जागी नाम, असं ज्या दिवशी कुणी सांगतं त्या दिवशी तो अध्यात्माचा विषय राहत नाही. ज्यांच्या घरी असे संदेश येतात त्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे : कुठल्या गोष्टीवर हसून पुढे जायचं आणि कुठल्या गोष्टीवर ठाम उभं राहायचं, याची रेघ शरीर आणि पैसा या दोन जागी ओढा. माउलींना पृथ्वीचं फिरणं ठाऊक होतं असं अण्णांनी मानल्याने कुणाचं रक्त सांडत नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद केल्याने माणूस जाऊ शकतो.

आता अण्णांकडे येऊ. तुझ्या पत्रात एक गृहीतक आहे, ते मला आधी सोडवून बघायचंय. तू धरून चालली आहेस की अण्णांना विज्ञानाकडून ज्ञानेश्वरीसाठी दाखला हवाय. मला तसं वाटत नाही. पन्नास वर्षं ज्या माणसाने दाखल्याशिवाय ओवी वाचली, त्याला आता अचानक कशाला लागेल? मला दिसतं ते वेगळं. मुलगी एम.एस्सी. झाली, तिच्या टेबलावरची पुस्तकं त्यांना उघडता येत नाहीत, जेवताना बोलायला विषय उरला नाही. आणि अशा वेळी मोबाईलवर एक संदेश आला ज्यात त्यांचा शब्द आणि तुझा शब्द एकाच ओळीत होते. तो त्यांनी तुला वाचून दाखवला. तू म्हणालीस, थापा. संदेश थापाच होता, तुझं चुकलं नाही. पण अण्णांना त्या दिवशी ‘माझ्याशी बोलू नका’ एवढंच ऐकू आलं असावं. फलकावर तुझं नाव त्यांनी न विचारता टाकलं, ही त्यांची चूक आहे आणि ती त्यांना सांगायला हवी. तरी त्या चुकीत अभिमान किती आहे, तोही बघ.

म्हणून पहिलं काम व्याख्यानाचं नाही. पुढचा संदेश आला (येईलच), की ‘खोटं आहे’ म्हणू नकोस. विचार : “अण्णा, कुठल्या अध्यायात आहे? ओवीचा नंबर काय? काढूया की आपण.” मोबाईल बाजूला पडतो आणि पोथी उघडते. पोथी उघडली की अण्णा तुझे गुरू होतात, कारण त्या पानावर ते तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतात. निम्मे संदेश इथेच संपतील, कारण त्यांत ओवीच नसते. उरलेले निम्मे फार मोलाचे असतात.

उदाहरणार्थ हा पृथ्वी फिरण्याचा. त्यामागे खरोखर ओवी आहे, चौथ्या अध्यायातली. ‘जैसें न चालतां सूर्याचें चालणें’. सूर्य चालत नाही, तरी उगवण्या-मावळण्यामुळे चालतोसा दिसतो. तिच्या दोनच ओव्या आधी नावेचा दृष्टांत आहे : नावेत बसलेल्याला काठावरची झाडं वेगाने पळताना दिसतात, नीट पाहिलं तर झाडं जागच्या जागी आहेत. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली हे मराठीत लिहिलं गेलं. तू हे पहिल्यांदा वाचशील तेव्हा अंगावर काटा येईल. तो येऊ दे. अण्णांना तो आलेला दिसू दे.

आणि मग त्यांना आर्यभटाची गोष्ट सांग. ४९९ साली, तेवीस वर्षांच्या वयात, त्याने आर्यभटीय लिहिलं, आणि त्यात हीच नाव आहे. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू उलट्या जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. दृष्टांत अगदी तोच. पण पुढे काय झालं ते बघ. वराहमिहिराने हरकत घेतली : पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्ताने विचारलं, मग उंच वस्तू पडत का नाहीत? हे प्रश्न मूर्खपणाचे नव्हते. त्यांना नीट उत्तर द्यायला जडत्वाची कल्पना लागते (पृथ्वीबरोबर फिरणारी वस्तू जमिनीवरून सुटली तरी ती गती आपणहून सोडत नाही), आणि ती यायला हजाराहून जास्त वर्षं जावी लागली. तू अकरावीला पहिल्या सत्रात जे शिकवतेस, ते त्या पक्ष्यांना दिलेलं उत्तर आहे.

ज्ञानेश्वरांच्या नावेला मात्र असा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. ती ओवी आकाशाबद्दल नाहीच. कर्म करत असताना कर्तेपण कसं गळून पडतं, नैष्कर्म्य म्हणजे काय, हे सांगायला ती आली आहे. नाव आणि सूर्य तिथे आपलं काम करून बाजूला होतात. उद्या कुणी सिद्ध केलं की सूर्यच फिरतो, तरी त्या ओवीचं काही बिघडत नाही. आर्यभटाच्या श्लोकाचं सगळंच बिघडेल. एकाच नावेतून दोघे दोन वेगळ्या काठांना गेले. तुझ्या आणि अण्णांच्या भांडणावर यापेक्षा चांगलं औषध मला सुचत नाही, कारण यात कुणीच लहान होत नाही.

‘क्वांटमने अद्वैत सिद्ध केलं’ याचंही तसंच, पण तिथे ओवी नाही म्हणून थोडक्यात. क्वांटमचं पायाचं समीकरण मांडणाऱ्या श्रोडिंगरला उपनिषदांचं मनापासून वेड होतं, हे खरं आहे, ते अण्णांना सांगायला लाजू नकोस. पण १९२६ चं त्याचं समीकरण जगाने स्वीकारलं ते त्यातून हायड्रोजनच्या वर्णपटाच्या रेषा बरोबर निघाल्या म्हणून. ज्याने उपनिषदाचं नावही ऐकलेलं नाही त्याला ते तितकंच पटतं. आणि क्वांटममधला ‘निरीक्षक’ म्हणजे वेदान्तातला साक्षी, असं जे म्हणतात, त्यांना सांग की प्रयोगशाळेत ते काम बहुतेक वेळा एक यंत्र करतं, खोलीला कुलूप असतानाही. मोजताना नेमकं काय घडतं, हा मापनाचा प्रश्न भौतिकशास्त्रात अजून पूर्ण सुटलेला नाही, हेही सांग. न सुटलेल्या प्रश्नाच्या फटीत देवाला बसवणं मला तरी देवाचा मान वाटत नाही.

याच बाबतीत मला एका धर्मगुरूची गोष्ट फार जवळची वाटते. विश्व एका आद्य अणूतून विस्तारत गेलं, ही कल्पना (आज आपण जिला महास्फोट म्हणतो) १९३१ साली मांडली ती जॉर्ज लमेत्र या बेल्जियन शास्त्रज्ञाने, आणि तो कॅथलिक पाद्री होता. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात म्हटलं की या विज्ञानाने सृष्टीच्या निर्मितीला पुष्टी मिळते. आनंद व्हायला हवा होता तो लमेत्रलाच. पण तो अस्वस्थ झाला, आणि आपला सिद्धान्त श्रद्धेच्या बाजूने वापरला जाऊ नये यासाठी त्याने प्रयत्न केला. त्याचं म्हणणं असं की हा सिद्धान्त उद्या चूक ठरू शकतो, त्यावर श्रद्धा टांगू नका.

आपल्याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर त्या सिद्धान्ताच्या विरुद्ध बाजूचे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी ‘स्थिर स्थिती’ विश्वाच्या सिद्धान्तावर काम केलं, ज्यात विश्वाला आरंभ नाही. कल्पना कर, १९६० साली एखाद्या कीर्तनकाराने सांगितलं असतं की ‘बघा, विश्व अनादि-अनंत आहे, विज्ञानाने ब्रह्म सिद्ध केलं’. १९६५ मध्ये विश्वातल्या सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण, म्हणजे आरंभीच्या तप्त विश्वाची उरलेली ऊब, सापडल्याची बातमी आली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. मग त्या कीर्तनकाराने काय करायचं? ब्रह्म मागे घ्यायचं? नारळीकरांनी आयुष्यभर महास्फोटाबद्दल शंका घेतली, पण ती पुराव्याच्या पट्टीवर. हा माणूस आपल्या मातीतला आहे, त्याचं नाव सप्ताहात आलं तर लोकांना आवडेल.

आता व्याख्यान. नाकारू नकोस, असं माझं मत आहे. नाकारलंस तर त्या खुर्चीवर कुणीतरी दुसरा बसेल आणि फ्रिक्वेन्सीवर बोलेल. पण विषय बदलून घे, आणि तो अण्णांबरोबर बसून बदल. सातव्या अध्यायाचं नावच ज्ञानविज्ञानयोग. त्याच्या सुरुवातीलाच माउली म्हणतात की विज्ञानाचं काय करायचं असं तुझ्या मनात येईल, पण आधी तेच जाणावं लागतं. आणि लगेच पुढे : ‘येर प्रपंचु हें विज्ञान’. प्रपंचाचं जाणणं म्हणजे विज्ञान. फलकावर ‘ज्ञानेश्वरीतील आधुनिक विज्ञान’च्या जागी ‘ज्ञान आणि विज्ञान : सातव्या अध्यायाचा उंबरठा’ असं लिहिता येईल. मंडळातल्या कुणाचीच हरकत असायचं कारण नाही.

फक्त एक अडचण आहे, ती लपवू नकोस. त्याच ओवीत पुढे म्हटलंय की प्रपंचाच्या ठायी सत्यबुद्धी ठेवणं म्हणजे अज्ञान. तू तर रोज वर्गात प्रपंच खरा धरूनच शिकवतेस. फळा, चेंडू, घर्षण, सगळं खरं. इथे तुझं आणि ग्रंथाचं पूर्ण जुळत नाही. ते जुळवायला जाऊ नकोस. माईकवरून स्पष्ट सांग की इथे मी थांबते, माझ्याकडे उत्तर नाही, इथून पुढचं अण्णांसारख्यांनी मला सांगावं. मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत ज्यांत सगळं सगळ्याशी जुळतं. घरी जाताना त्यांतलं काहीच आठवत नाही. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सुरू होतात ती अमानित्वाने, आणि पुढे चारच पावलांवर आर्जव, म्हणजे सरळपणा, येतो. तुझ्या त्या एका वाक्यात दोन्ही असेल.

आणि व्याख्यानात एक तरी गोष्ट करून दाखव. तुझ्याकडे साधन तिथेच आहे. हरिपाठ सुरू होण्याआधी पखवाजवाला काय करतो, आठव. भिजवलेल्या कणकेचा गोळा तळहातावर मळून तो डाव्या पुडीवर थापतो, थाप मारून ऐकतो, थोडी काढतो, पुन्हा थापतो. लहानपणापासून आपण हे बघतो आणि कुणीच विचारत नाही की का. त्याला मंचावर बोलव. आधी कणीक न लावता थाप मारायला सांग, मग लावून. सगळ्या मांडवाला ऐकू येईल की आवाज खाली उतरला, भरला. पुडीचं वजन वाढलं, कंप मंदावला. मग उजव्या पुडीवरची काळी शाई दाखव. साध्या कातड्याच्या ढोलात मूळ सुराबरोबर निघणारे वरचे सूर एकमेकांशी बेबनाव करतात, म्हणून त्याचा नुसता धबधब आवाज येतो. मध्यभागी शाईचा थर दिला की ते वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ओळीत येतात, आणि चामड्यातून सूर लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मृदंगाबद्दल हे जगाला दाखवलं, नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी. ज्या कारागिराने शतकांपूर्वी पहिल्यांदा शाई घोटली त्याला हे गणित माहीत नव्हतं, पण त्याचा कान खोटं बोलत नव्हता. संस्कृतीत विज्ञान शोधायचंच असेल तर ते मला अशा ठिकाणी दिसतं, कणकेत, शाईत, हाताच्या सवयीत. ते दाखवायला कुठल्या ओवीला पिळावं लागत नाही.

‘मी दुटप्पी आहे का’ या प्रश्नावर तू बऱ्याच रात्री जागली आहेस असं पत्रावरून वाटतं. हरिपाठ म्हणताना तू निसर्गाबद्दल कुठलाही दावा करत नाहीस. तू म्हणतेस, कारण आजीच्या मांडीवर तो ऐकलाय, कारण शिरोलीच्या ट्रॅफिकमध्ये मन जागेवर राहतं, आणि कदाचित आणखी एका कारणासाठी, जे तुला अजून नाव देता आलेलं नाही. त्याला नाव द्यायची घाई नको. दुटप्पी तू तेव्हा होशील जेव्हा वर्गात जे खोटं म्हणतेस तेच मांडवात खरं म्हणशील. तेवढं टाळ. मुलांनी वर्गात विचारलं, “मॅडम, तुम्ही हरिपाठ म्हणता?” तर हो म्हण. काही घरांत मुलं-मुली विज्ञान शिकल्यावर टाळ हातात घ्यायला लाजतात, आणि काही घरांत वडील मुलांसमोर पोथी उघडायला लाजू लागलेत, तुझ्या अण्णांसारखे. दोन्ही बघून मला वाईट वाटतं.

शेवटचं. सप्ताहाच्या आधी ३१ जानेवारी येते. अंबाबाईच्या किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यातल्या देवीवर येतात त्या सोहळ्याला, अण्णांना घेऊन जा. गर्दी होण्याआधी, पाचच्या सुमारास पोच. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून तो बघितलाय, आणि बरीच वर्षं मला एक गोष्ट कळली नव्हती : सूर्य खाली उतरतो, मग किरण देवीच्या पायांवरून वर, कमरेवर, चेहऱ्यावर कसे चढतात? कळलं ते खूप उशिरा, वहीवर दार, सूर्य आणि मूर्ती अशी तीन टोकं काढून रेघा ओढल्यावर. सूर्य जितका खाली, तितकी दारातून आत येणारी तिरीप आडवी होत जाते आणि आत जास्त उंचीवर पोचते. ही आकृती अण्णांना काढून दाखव, तुझ्या बारावीच्या मुलांनाही. हेही दाखव की हा सोहळा वर्षातून दोनदा का : नोव्हेंबरचे ९, १०, ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. २१-२२ डिसेंबर या सर्वात लहान दिवसापासून दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर, साधारण ४१ दिवसांवर. दक्षिणेकडे जाताना आणि परत येताना सूर्य एकाच ठिकाणी, पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी हे क्षितिज किती वर्षं बघितलं असेल! आता कोल्हापुरातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तिथे उपकरण घेऊन उभे राहतात आणि प्रत्येक टप्प्यावर प्रकाशाची तीव्रता मोजतात. कधी ढग, कधी धुरकट हवा, कधी वाटेतल्या इमारतींचा अडथळा, आणि किरण पायांशीच विरतात. मोजणारे वहीत आकडा लिहितात, बाजूला कुणी डोळे पुसतं, आणि किरण सरले की आरती होते. त्या मांडणीत कुणी कुणाला बाजूला सारत नाही.

तिथे अण्णांना काही समजावू नकोस. आकृती आदल्या रात्रीच काढलेली असू दे. किरण कमरेपर्यंत आले की ते काहीतरी म्हणतील, एखादी ओवी किंवा नुसतंच ‘माउली’. त्यांनी विचारलं की आता पुढे किती वेळ, तर सांग : “अजून दोन-तीन मिनिटं, अण्णा.” आणि घड्याळ त्यांच्या हातात दे.